वाकेन तर शपथ!

(रंगमंचावर गोल्फची बॅग, एक लाकडी खुर्ची, खुर्चीवर शेकायची रबरी पिशवी. साठी ओलांडलेले गृहस्थ येतात. डोक्यावर टोपी, अंगात टी-शर्ट आणि टी-शर्टच्या वरून बांधलेला कमरेचा पट्टा. खुर्चीकडे बघतात, बसायचा विचार रद्द करतात.)

तुम्ही बसा. मला बसा म्हणू नका. मी एकदा बसलो की उठण्याचा स्वतंत्र प्रयोग होतो, आणि त्याचं तिकीट वेगळं आहे.

मी गोल्फ खेळतो.

(थांबतात.)

बघा, कुणी दाद दिली नाही. आमच्या पेठेत हे वाक्य म्हटलं की समोरचा आधी माझ्या चपलांकडे बघतो, मग विचारतो, "परवडतं?" मी म्हणतो, "कंबर दुखते हो फार." लगेच चेहरा उजळतो. "हां, मग बरोबर!" म्हणजे सुखाची शिक्षा भोगतोय ना, मग खेळू दे.

आणि हा खेळ पुण्यात खेळायचा कुठं, तर येरवड्यात! आता पुण्यात माणूस येरवड्याला दोनच कारणांनी जातो. एक कोर्टाच्या हुकमानं, दुसरं डॉक्टरांच्या चिठ्ठीनं. मला डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केलीय. रिक्षात बसायलाही बंदी करायची, ते विसरले. तर पहाटे साडेपाचला मी रिक्षा थांबवली. डोक्याला टोपी, कमरेला पट्टा, खांद्यावरच्या बॅगेतून लोखंडी दांडे बाहेर आलेले. म्हटलं, "येरवडा." त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काका, जेल का हॉस्पिटल?" म्हटलं, "गोल्फ क्लब." म्हणाला, "बरं. म्हणजे हॉस्पिटलच्या बाजूनं घेतो."

कंबर माझी जुनी. म्हणजे गोल्फच्या आधीची. तीस वर्षं बँकेच्या खुर्चीत बसून कमावलेली आहे. पहिल्यांदा उसण भरली तेव्हा आमच्या आत्यानं सांगितलं, "डॉक्टर-बिक्टर काही नको. पायाळू माणूस शोध आणि कमरेत लाथ मारून घे." पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याचा पाय लागला की उसण उतरते, असं म्हणतात. मी घरी येऊन विचारलं, "आपल्या ओळखीत कोणी पायाळू आहे का गं?" बायको म्हणाली, "पायाळू कोणी नाही. पण तुम्ही म्हणत असाल तर मी प्रयत्न करते."

मग एमआरआय झाला. एल फोर, एल फाइव्ह, एस वन. चकत्या सरकलेल्या. पूर्वी दोन माणसं भेटली की गोत्र विचारायची. आता एल विचारतात. "आपलं?" "एल फोर-फाइव्ह." "अरे वा, आमचंही तेच!" "म्हणजे सगोत्र आपण! सोयरीक जमायची नाही."

पण गंमत ऐका. 1994 साली अमेरिकेत 98 माणसांचे एमआरआय काढले. माणसं कशी, तर ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशी. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या! दुखत काही नाही, आणि फोटो माझ्यासारखा. हे मी बायकोला मोठ्या उत्साहानं सांगितलं. म्हणजे फोटोला घाबरायचं कारण नाही, असं मला म्हणायचं होतं. ती म्हणाली, "म्हणजे सरकलेलं सगळ्यांचंच असतं. बोंबलता तेवढे तुम्ही."

डॉक्टरांनी तीन नियम दिले. वाकायचं नाही, वळायचं नाही, वजन उचलायचं नाही. मी विचारलं, "गोल्फ?" त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "मी आत्ता गोल्फचीच व्याख्या सांगितली."

दाखवतो तुम्हाला.

(बॅगेतून ड्रायव्हर हा लांब दांडा काढतात. पवित्रा घेतात.)

आधी कमरेत वाकायचं. मग खांदे उजवीकडे वळवायचे, चांगले नव्वद अंश. आता कमरेत मणके पाच. त्या पाचांची मिळून वळायची ऐपत दहा-पंधरा अंश. बाकीचं वळण पाठीच्या वरच्या भागानं आणि खुब्यांनी द्यायचं. पण आमचे खुबे बँकेतले. ते म्हणतात, "ते काम इथं होत नाही, पुढच्या खिडकीवर जा." पुढची खिडकी कमरेची. तिथं आधीच रांग!

आणि मग फटका. (अर्धवट फिरवतात, मध्येच थांबतात, चेहरा वाकडा.) वरून खाली चेंडूपर्यंत यायला पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात कमरेवर आपल्या वजनाच्या आठपट दाब येतो. संशोधकांनी मोजलाय. माझं वजन 80 किलो. आठ आठे चौसष्ट, 640 किलो. म्हणजे एक धष्टपुष्ट म्हैस! दर फटक्याला एक म्हैस कमरेवर घ्यायची. आणि कशासाठी? चेंडूचं वजन किती? 46 ग्रॅमसुद्धा भरत नाही! 640 किलो गुंतवणूक, 46 ग्रॅम परतावा. बँकेत असतो तर ही फाइल मी शेरा मारून परत पाठवली असती.

जुने लोक शहाणे होते. बॉबी जोन्सच्या काळात, 1920 च्या दशकात, मागे फिरताना डावी टाच उचलायचे, खुबे मोकळे सोडायचे. मग शास्त्र आलं. खुबे आवळून धरा, खांदे तेवढे फिरवा. जितका पीळ जास्त, तितका चेंडू लांब. चेंडू गेला लांब, आणि त्याच्यामागोमाग खेळाडू गेले हाडवैद्याकडे. मी टाच उचलतो. आमच्याबरोबर एक रिटायर्ड कर्नल खेळतात, त्यांनीच मला या नादाला लावलं. ते म्हणाले, "ही फार जुनी स्टाइल आहे." म्हटलं, "कर्नलसाहेब, मॉडेलही जुनंच आहे."

बरं, खेळायचं कधी? तर पहाटे. आता हे बघा, रात्रभर आडवं पडलं की मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून टम्म फुगतात. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर तरी उंच असतो. खोटं नाही! लग्नाच्या वेळी माझी जी उंची सांगितली होती, ती सकाळची. बायको अजून म्हणते, "संध्याकाळी दाखवायला आले असते तर वाचले असते." तर अशा फुगलेल्या चकत्यांना उठल्यावर तासभर तरी वाकवायचं नाही. आणि क्लबवर आमची वेळ सहा वाजून दहा मिनिटं. त्यामुळं मी पाचला उठतो आणि घरात नुसता चालतो. देवघर ते गॅलरी, गॅलरी ते देवघर. खालच्या मजल्यावरच्यांना वाटतं, आमच्याकडे रोज भांडण होतं आणि मी बाहेर काढला जातो.

पण खरा वैताग फटक्याचा नाही. खरा वैताग वाकण्याचा. या खेळात फटके मारतात थोडे आणि वाकतात फार. टी, म्हणजे चेंडूखालची खुंटी, खोचायला वाका. चेंडू ठेवायला वाका. भोकातून काढायला वाका. भोक केवढं, तर 108 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम चहाची बशी. आणि खोल किमान 101.6 मिलिमीटर. अरे, जमिनीच्याही खाली?

आणि नियम करणारे बघा. चेंडू पाण्यात गेला की नवा चेंडू हातातून सोडायचा असतो. 2018 पर्यंत नियम काय होता? उभं राहा, हात खांद्याच्या उंचीवर धरा, सोडून द्या. किती सुंदर! किती माणुसकीचा! 2019 च्या जानेवारीत बदलला. आता गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. का? खेळ भरभर व्हावा म्हणून! मी गुडघ्याच्या उंचीपर्यंत पोचेपर्यंत मागचे चौघे पुढं निघून जातात.

तरी त्यातल्या त्यात उपाय आहेत. (पटर हा दांडा काढून उलटा धरतात.) हे बघा, मुठीच्या टोकाला रबराची वाटी. चेंडूवर दाबली की चिकटतो, वर उचलायचा. हिचा मला इतका लळा लागलाय की मी घरी हिनं लिंबंही उचलतो. आणि आमचा कॅडी, मामा. मामांचं वय माझ्याहून जास्त. आयुष्यभर याच हिरवळीवर चाललेत, लोकांच्या बॅगा खांद्यावर घेऊन. त्यांची कंबर दुखत नाही! विचारलं, "मामा, काय करता?" म्हणाले, "साहेब, आम्हाला बसायला कोण देतंय?"

शेवटी फिजिओकडे गेलो. विशीतली मुलगी. "काका, दुखणं दहापैकी किती?" म्हटलं, "सात." बायको शेजारी होती. म्हणाली, "तिला नीट सांगा. गॅस सिलिंडर सरकवायचा असेल तर नऊ, कर्नलचा फोन आला की दोन." मुलगी हसली नाही. तिनं लिहून घेतलं! म्हणाली, "काका, खेळ सोडू नका. पलंग सोडा." मला रडू यायचं बाकी होतं. चाला म्हणाली, स्विंग अर्धा करा, आधी दहा मिनिटं अंग मोकळं करा, ट्रॉली ओढू नका, ढकला. आणि मग म्हणाली, "खाली पडलेली हलकी वस्तू उचलायची एक पद्धत शिकवते. तिला आम्ही गोल्फर्स लिफ्ट म्हणतो."

मी उभा राहिलो. म्हणजे आधीच उभा होतो, पण मनानंसुद्धा उभा राहिलो. जगभरच्या कंबरदुख्यांना जी पद्धत शिकवतात, तिला नाव आमच्या खेळाचं! करून दाखवतो. (खुर्चीच्या पाठीला एक हात.) एका हाताचा आधार. एका पायावर उभं राहायचं. आणि पुढं झुकताना दुसरा पाय सरळ मागं, वर. असा! पाठ सरळ, पाय सरळ, सगळं वळण खुब्यात. कमरेला पत्ताच नाही! मी घरभर उचलत सुटलो. पेपर, मोजे, कोथिंबिरीची काडी. बायको म्हणाली, "इतकं काही पडलेलं असतं हे तुम्हाला इतकी वर्षं दिसत नव्हतं का?"

आणि त्याच भरात आली पुतण्याच्या मुलाची मुंज.

कार्यालयात पंगत बसलेली. आत्या पहिल्या रांगेत खुर्चीवर. नव्वदीच्या घरात. तिला नमस्कार करायचा, म्हणजे पायांपर्यंत पोचायचं. मी म्हटलं, आता काय भीती! एक हात तिच्या खुर्चीवर ठेवला. डाव्या पायावर तोल घेतला. आणि फिजिओनं शिकवल्याप्रमाणे उजवा पाय, सरळ, मागं, वर...

मागून वाढपी चालला होता. हातात मठ्ठ्याचं पातेलं.

माझी टाच थेट त्याच्या कमरेत. पातेलं भटजींकडे. मठ्ठा सोवळ्यावर, कोथिंबीर शेंडीत. सगळी पंगत गप्प. आत्या म्हणाली, "मेल्या, नमस्कार करतोस की लाथा झाडतोस?" मी तसाच, एका पायावर, कारण खाली कसं यायचं ते मुलीनं पुढच्या वेळी शिकवणार म्हणून सांगितलं होतं. आणि तेवढ्यात तो वाढपी हळूच सरळ झाला. कमरेवर हात ठेवला. इकडं वळला, तिकडं वळला. म्हणाला, "काका, परवापास्नं उसण भरलेली. उतरली!"

आत्यानं माझ्याकडं असं पाहिलं! "अरे, तू पायाळू आहेस आणि बोलला नाहीस?" भटजी पुसायचं सोडून पुढं आले. "जरा इकडंही..." रांग लागली हो! मी जेवलो उभ्यानं, पण दक्षिणा घेऊन घरी आलो.

बायकोला वाटलं, आता तरी हा खेळ सोडेल. म्हणाली, "त्या स्कॉटलंडच्या राजानं 1457 मध्ये गोल्फवर बंदी घातली होती, मी वाचलंय. शहाणा होता." म्हटलं, "ती लोक धनुर्विद्येचा सराव बुडवतात म्हणून. मी काय बुडवतो?" "दळण," ती म्हणाली.

मग मी टायगर वुड्स काढला. हा माझा हुकमाचा पत्ता. "2017 पर्यंत त्याच्या पाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या होत्या. चौथी 2017 च्या एप्रिलमध्ये. त्यात एल फाइव्ह-एस वन चक्क सांधून टाकलं. माझंच ते! आणि 2019 च्या एप्रिलमध्ये त्यानं मास्टर्स जिंकली." ती शांतपणे म्हणाली, "मग तुम्ही मागच्या रविवारी कितवे आलात?"

या प्रश्नाचं उत्तर मी दिलेलं नाही. न्यायप्रविष्ट आहे.

पण त्या रविवारी काय झालं ते सांगतो. मामा सुट्टीवर. बदली पोरगा मोबाइलवर. माझी रबराची वाटी घरी, लिंबाला चिकटलेली. आणि कर्नलसाहेब! सहा फुटी माणूस, मिशा वर. त्यांनी दुसऱ्या होलला फटका मारला आणि तसेच राहिले. अर्धे वळलेले, एअरपोर्टकडं तोंड. म्हटलं, "साहेब, विमान बघताय?" दातांतून म्हणाले, "उसण."

आता आम्ही दोघं. एक वाकू शकत नाही, एक सरळ होऊ शकत नाही. हिरवळीवर आलो. माझा चेंडू भोकापासून वीस फुटांवर. आत घातला तर काढणार कोण? मी पटर हातात घेऊन उभा. कर्नलनी माझ्याकडं पाहिलं, भोकाकडं पाहिलं.

मित्रा-मित्रांच्या खेळात एक सोय असते. चेंडू भोकाला अगदी लागून असला, वितीवर, की समोरचा म्हणतो, "दिला!" म्हणजे आत गेला असं समजायचं. तर ज्या माणसानं उभ्या आयुष्यात सरहद्दीवर इंचभर जमीन सोडली नाही, तो माणूस म्हणाला, "दिला!"

वीस फूट!

पुढच्या होलला मी त्यांना तीस दिले. त्याच्या पुढच्याला त्यांनी मला हिरवळीच्या बाहेरून दिला. आठव्याला तर मी टीवरूनच दिला, टी खोचायचाही त्रास नको. नऊ होल असे झरझर संपले, दोघांचंही आयुष्यातलं सर्वांत चांगलं कार्ड!

पुढच्या आठवड्यात मामा आले. कर्नलनी मिशीवर ताव देऊन त्यांना कार्ड दाखवलं. मामांनी ते लांब धरून नीट वाचलं, दोनदा वाचलं, आणि घडी घालून परत दिलं.

म्हणाले, "साहेब, मग एवढ्या लांब येता कशाला? घरनं फोनवरच देत जा की एकमेकांना!"

(दिवे जातात. अंधारात आवाज: "अहो, पडद्यावाले! पडदा पाडा खुशाल, पण पायाशी काही ठेवू नका!")