टेबलावरची प्रगती

आमच्या अमरावतीच्या कार्यालयाने अखेर इंटरनेटवर चालणारा टेबलफोन घेतला, त्याबद्दल त्रिवार अभिनंदन. जुना फोन फारच मागासलेला. एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट घ्यायचा आणि भारनियमनातही निर्लज्जासारखा खणखणायचा. नव्याला अ‍ॅडाप्टर, राउटर, पासवर्ड आणि दिमतीला इन्व्हर्टर लागतो. मानमरातब म्हणतात तो हाच. शंभरेक किलोमीटरवरच्या अकोल्याशी बोलायचं तर आवाज आधी कुठल्याशा दूरच्या सर्व्हरची वारी करून येतो. तेवढ्यात दोन्हीकडून तीनदा 'हॅलो' होऊन जातं. आता पुढची पायरी म्हणून फोनशेजारी एक शिपाई नेमायचा आहे. लाइन गेली की त्याने एसटीने अकोल्याला जाऊन निरोप सांगावा. प्रस्ताव मंजूर झाला. फोन सोमवारपासून बंद आहे. तक्रार नोंदवली, मोबाइलवरून.