मागचा मेल रद्द समजावा

स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी, म्हणजे बोलण्याचे, भाषेचे आणि गिळण्याचेसुद्धा दोष तपासून त्यांवर उपचार करण्याची विद्या, अमेरिकेत शिकू पाहणारी मुलगी ओळखायची असेल तर तिला अर्ज भरताना पाहू नये. भरताना सगळेच अर्जदार सारखे दिसतात: लॅपटॉप, गार झालेला चहा, शेजारी गुणपत्रिकांचा गठ्ठा. तिला पाहावं अर्ज पाठवून झाल्यावर अकरा मिनिटांनी. (मुलगी म्हणायचं कारण तिकडे या व्यवसायात शेकडा नव्वदहून अधिक बायका आहेत. मुलगेही असतात, आणि तेही अगदी असेच वागतात.) शेवटची वेळ बहुधा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची रात्रीची ११.५९, हिवाळ्यात तेव्हा पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळचे १०.२९ वाजलेले असतात. तिने १०.२०ला बटण दाबलेलं असतं, आईने देवापुढे साखर ठेवलेली असते, आणि १०.३१ला ती आपला निबंध ‘सहज’ उघडते. तीन महिने डोळ्यांसमोर असलेल्या निबंधात जे दिसलं नाही ते आता पहिल्याच नजरेत दिसतं, कारण तोवर ती आपल्या मनातला मजकूर वाचत होती आणि स्क्रीनवरचा आत्ता प्रथमच वाचते आहे. चूकही अशी तशी नसते, परंपरेने चालत आलेली असते. वाचा-उपचारक मोठ्या संख्येने सरकारी शाळांत काम करतात, म्हणून निबंधात ‘पब्लिक स्कूल’ येतंच. इंग्रजीतल्या ‘पब्लिक’मधला ‘एल’ गळला की उरणारा शब्द शरीरशास्त्रात अगदी सभ्य आहे, शब्दकोशातही आहे, त्यामुळे स्पेलिंग तपासणारं यंत्र त्याला अडवत नाही. फक्त त्या प्रकारची शाळा कुठल्याही जिल्ह्यात नसते.

आता दुरुस्ती करावी तर दार बंद. बरीचशी विद्यापीठं सीएसडीकॅस नावाच्या सामाईक व्यवस्थेतून अर्ज घेतात. अर्ज एकदा गेला की पत्ता-फोन बदलता येतो, पुढच्या सत्राचे विषय नंतर जोडता येतात, पण निबंध गोठतो. मग ती मेलकडे वळते. पहिल्या मेलमध्ये चूक सांगते, तिचं मूळ सांगते, आपण एरवी किती काटेकोर आहोत ते सांगते, आणि सुधारित निबंध सोबत जोडल्याचंही सांगते. तो जोडलेला नसतो. म्हणून दुसरा मेल. त्यात निबंध असतो, पण ज्यांना लिहिलं त्या कार्यालयीन बाईंच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं असतं. म्हणून तिसरा, ज्याच्या विषयाच्या ओळीत ‘मागचा मेल रद्द समजावा’ असं असतं. आता मागचा म्हणजे नेमका कुठला, हे कार्यालयाने ठरवायचं. जी चूक सातशे शब्दांत लपून बसली होती तिच्यासाठी आता तीन दस्तऐवज तयार झाले.

तिची थट्टा करणं सोपं आहे. पण ज्या विद्येच्या दारात ती उभी आहे, ती विद्या चुकीबद्दल काय सांगते ते पाहिलं म्हणजे तिचं वागणं अधिकच अजब वाटू लागतं. शेग्लॉफ, जेफरसन आणि सॅक्स या तिघा अभ्यासकांनी १९७७ साली संभाषणातल्या दुरुस्तीवर एक निबंध लिहिला, तो आजही पायाभूत मानतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बोलण्यातली चूक बहुधा बोलणाराच सुधारतो, आणि तीही तिथल्या तिथे. मराठीत तर या कामासाठी एक राखीव शब्दच आहे. “मंगळवारी, आपलं, बुधवारी ये.” या ‘आपलं’मध्ये कबुली, दुरुस्ती आणि पुढे चला, तिन्ही आलं. मंगळवार म्हटल्याबद्दल अंतःकरणपूर्वक दिलगिरी, वारांच्या बाबतीतला आपला आजवरचा निष्कलंक इतिहास, असं कुणी जोडत नाही. जोडलं तर ऐकणारा बुधवारीही येणार नाही. १९८३ साली विलेम लेव्हेल्ट यांनी डच बोलणाऱ्यांकडून रंगीत ठिपक्यांच्या आकृत्यांचं वर्णन करून घेतलं तेव्हा रंगांची नावं शेकडो वेळा चुकली, आणि त्यांतल्या सुमारे निम्म्या चुका कुणी सुधारल्याच नाहीत. नेदरलँड्स बुडालं नाही.

अडखळत बोलण्यावरच्या उपचारांत तर हे आणखी स्पष्ट आहे. चार्ल्स व्हॅन रायपर हे या क्षेत्रातलं मोठं नाव, आणि ते स्वतः अडखळत बोलत. त्यांच्या उपचारातली एक पायरी अशी: शब्दावर अडखळलात तर तो तसाच पुरा करा, थांबा, आणि तोच शब्द पुन्हा सावकाश, ताण सोडून उच्चारा. मध्ये माफी नाही, धावपळ नाही. जोसेफ शीहान यांनी तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली: पाण्यावर दिसतं ते अडखळणं थोडं, खाली लाज, भीती आणि लपवाछपवी अवाढव्य. ही उपमा आपल्या अर्जदार मुलीला तोंडपाठ असते. तिच्या निबंधात ती आलेलीही असते, गळलेल्या ‘एल’च्या बरोबर दोन ओळी वर.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. बोलणं हवेत विरतं, लिहिलेलं राहतं. शिवाय भाषेवर उपचार करणाऱ्यालाच लिहिता येत नसेल तर कसं? खरं आहे. याच व्यवसायात लकव्यानंतर गिळायला त्रास होणाऱ्या रुग्णाला पाणी पातळ द्यायचं की दाट करून, हे ठरवलं जातं. त्यासाठी शून्य ते सात अशा पातळ्यांची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे. दोनच्या जागी शून्य लिहिलं गेलं तर घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. पण नेमकं याच कारणाने रुग्णाच्या कागदावर चूक कशी सुधारायची याची रीत ठरलेली आहे: चुकलेल्या शब्दावर एक आडवी रेघ, जुनं अक्षर वाचता येईल अशी, शेजारी बरोबर शब्द, सही, तारीख. पांढरा रंग फासायचा नाही आणि पश्चात्तापाचा परिच्छेदही लिहायचा नाही. म्हणजे काटेकोरपणा आणि आकांत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या व्यवसायाला केव्हाच कळलं आहे. आपल्याकडे ते किराणा दुकानदारालाही कळलेलं होतं. बिलाच्या तळाशी ‘चू. भू. द्या. घ्या.’ छापलेलं असे ते बेरजेसाठी. ‘शेंगदाने’ लिहिलं म्हणून कुणी दुकानाची पायरी पुन्हा चढलं नाही. बेरीज दहाने चुकली तर मात्र गिऱ्हाईक किंवा दुकानदार, जो प्रामाणिक असेल तो, चढे.

अर्जातल्या चुकांनाही हीच कसोटी लावावी असं माझं मत आहे. ही चूक वाचणाऱ्याचा निर्णय चुकीच्या दिशेला नेते का? ‘एल’ नेत नाही. तो फार तर प्रवेश समितीतल्या एका प्राध्यापकाला दुपारी तीन वाजता हसवतो, आणि शंभर अर्ज वाचणाऱ्या माणसाच्या आयुष्यात ते पुण्यच. पण तासांचं काय? वाचा-उपचारकांच्या अमेरिकेतल्या संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी चिकित्सेचे ४०० तास लागतात, त्यांतले २५ निरीक्षणाचे, आणि हे २५ आधीच झालेले असावेत असं काही विभागांना वाटतं. आपल्या मुलीचे साडेतेवीस झालेले असतात आणि रकान्यात २५ लिहिलेले. याबद्दल तिने एकही मेल केलेला नसतो. ते ‘साधारण पंचवीसच’ असतात. स्वल्पविरामाला जी टोचणी लागते ती दीड तासाला लागत नाही, याचं कारण स्वल्पविराम दिसतो आणि दीड तास दिसत नाही. मला वाटतं तिच्या स्वभावाची किल्ली इथे आहे: तिला चुकीची नाही, चूक दिसण्याची भीती आहे. माहिती खरी असल्याची ग्वाही अर्जाखाली तिनेच दिलेली असते. तेव्हा तीन ओळींचा एक मेल पाठवायचाच तर तो या दीड तासाबद्दल.

विद्यापीठाचं नाव चुकणं ही मधली जात. एकच निबंध थोडा थोडा बदलून आठ ठिकाणी पाठवला की सातव्या ठिकाणी सहाव्याचं नाव राहतं. अमेरिकेतली नावंही सापळे लावल्यासारखी आहेत. ओहायो स्टेट वेगळं आणि ओहायो युनिव्हर्सिटी वेगळं. मायामी युनिव्हर्सिटी समुद्रकाठी नसून ओहायोत आहे, आणि इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया हे नाव एकाच विद्यापीठाचं आहे. या सगळ्यांत हा अभ्यासक्रम शिकवला जातो. देशपांड्यांच्या नावाची पत्रिका कुलकर्ण्यांकडे गेली तर कुलकर्णी लग्नाला येतील का? काही येतात; जेवणाबद्दल ऐकलेलं असतं. पण यजमानाने फोन करून “पत्रिकेवर नाव चुकलं, पण बोलावणं तुम्हालाच आहे” एवढं सांगावं हे बरं. ते सांगताना देशपांडे किती चांगले आहेत हे सांगू नये.

दुसरा आक्षेप स्पर्धेचा. जागा थोड्या, अर्ज फार. नकार द्यायला निमित्तच हवं असतं, मग एका अक्षरानेही घात होणार नाही का? समजा होतो. तर मग त्या अक्षरावर बोट ठेवणारा मेल पाठवून घात टळतो की लवकर होतो? ज्याने चूक पाहिली त्याचं मत झालेलं आहे, ज्याने पाहिली नाही त्याला ती आपण दाखवतो. शिवाय अलीकडे अनेक विभागांनी जीआरई परीक्षेची अट काढली, आणि अर्जाकडे एकत्रित पाहण्याची भाषा तिकडे वाढली आहे. एकत्रित पाहणाऱ्याला तीन मेलही एकत्रित दिसतात.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या मुलींना एक जादा अडचण असते, आणि ती खरोखरच कळवण्याजोगी असते. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतून किंवा पुण्यातून पदवी घेतलेल्या मुलीच्या गुणपत्रिकेवर बहुधा आडनाव आधी, मग तिचं नाव, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचं. पासपोर्टवर क्रम निराळा. अमेरिकेतली यंत्रणा पहिला शब्द म्हणजे व्यक्तीचं नाव असं धरून चालते, त्यामुळे एका मुलीच्या दोन मुली होतात: एकीकडे गुण असतात, दुसरीकडे निबंध. वडील तत्काळ नोटरीकडे निघतात, कारण दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र हा मराठी घराचा जुना, लाडका उपाय आहे. वास्तविक अर्जात ‘इतर नावं’ असा रकाना असतो. तो भरला असता तर स्टॅम्पपेपर वाचला असता. पण तिचं लक्ष त्या वेळी स्वल्पविरामाकडे होतं.

आणि हे सगळं होऊनही तिला प्रवेश मिळतो. मिळतातच प्रवेश, गुण चांगले असतात, शिफारसपत्रं मनापासून लिहिलेली असतात, आणि तो ‘एल’ कुणी पाहिलेला नसतो किंवा पाहून सोडून दिलेला असतो. विद्यापीठाचं पत्र येतं, त्याची सुरुवात ‘प्रिय कुलकर्णी’ अशी असते, आणि उत्तर १५ एप्रिलपर्यंत द्यायचं असतं. ती उत्तर लिहिते: आभार, होकार, आणि नावाच्या क्रमाबद्दल एक वाक्य. तीनच ओळी, एक शब्द जास्त नाही. मेल १०.२०ला जातो. १०.३१ला ती ‘पाठवलेले’ उघडते, सहज.