आंबाड्यातल्या लाटा

दाट केसांची बाई गोव्यातल्या आमच्या पेडण्यात एकटी अशी कधी नसतेच. तिचे केस सगळ्या वाड्याचे असतात. न्हाऊन ती पायरीवर बसली की येणारी-जाणारी थांबते, शेंडा तळहातावर घेऊन जोखते आणि जास्वंदीचा पाला लावतेस की माका, हे विचारल्याशिवाय पुढे जात नाही. अशा सामायिक मालमत्तेची देखभालही कडक. खोबरेल थापायचे, ओढून विंचरायचे, वेणीत जेरबंद करायचे. मोकळे केस बघायला मिळायचे ते दशावतारी काल्यात, मध्यरात्रीनंतर, आणि तेही स्त्रीपार्टी पुरुषाच्या डोक्यावर.

माझ्या डिचोलीच्या घरात आता लेकीचे वेगळेच अनुष्ठान चालते. ओले केस, मान खाली, लाडवांसाठी आणलेली अळशी उकळून गाळलेला बुळबुळीत रस, आणि टॉवेलऐवजी बापाचा जुना सुती टी-शर्ट. फणी केस ओले असेतोवर, तीही रुंद दातांची, मग नाही. शेंडे मुठीत धरायचे, टाळूपर्यंत दाबत न्यायचे, सोडायचे. नारळाचा चव पिळावा तसाच हा हात. सासूबाईंनी दारातून बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "रस निघाला की हाक मार हां, बाय."

यामागचे शास्त्र मात्र साधे आहे. केस भिजले की केराटिनमधले हायड्रोजन-बंध सुटतात आणि वाळताना केस ज्या वळणात असतील त्याच वळणात पुन्हा जुळतात. म्हणजे शाळेच्या दिवसांत आई ओल्या केसांची वेणी घालायची, तेव्हा आत गुपचूप हेच चालले होते. संध्याकाळी वेणी सुटली की पाठीवर सुरेख लाटा उतरायच्या आणि आई घाईघाईने तेल लावून त्या सपाट करायची, कारण लाटा म्हणजे आळस, शेजारी काय म्हणतील! आज त्याच लाटांसाठी अख्खी सकाळ खर्ची पडते, आणि इतके करून अट अशी की काहीच केलेले नाही असे दिसले पाहिजे. हरमलच्या किनाऱ्यावर खारा वारा हे काम फुकट करतो, तरी खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याची बाटली विकत मिळतेच. डिचोलीला समुद्र नाही. इथल्या केसांनी 2012 साली लोहखनिजाच्या खाणी बंद पडेपर्यंत ट्रकांची तांबडी धूळ माळली. न्हाणीतून पाणी लाल वाहायचे. आणि जून लागला की हवेतल्या दमटपणापुढे कुठलीच लाट टिकत नाही. जुळलेले बंध पुन्हा सैल होतात आणि केस आपल्या मूळ स्वभावावर जातात.

लाटा कायमच्या करायचा ध्यास कार्ल नेस्लर या जर्मन केशभूषाकाराने घेतला होता. 1906 च्या सुमारास लंडनमध्ये त्याचे यंत्र लोकांपुढे आले, पण आधीचे प्रयोग बायकोच्या डोक्यावर झाले आणि त्यांत तिचे केस जळाले असे सांगतात. ती पुन्हा त्याच खुर्चीत बसली. शोधाचे श्रेय नवऱ्याला मिळाले. मला तिच्याशी दोन शब्द बोलायला आवडले असते, तेल सुचवायला तरी.

नव्या सोमवारच्या उत्सवाला शांतादुर्गेला जायची तयारी चालली होती. सासूबाई नातीपुढे पाठ करून बसल्या. "उरलेत तेवढ्यांचं काय होतं ते बघ." एके काळी त्यांच्या मुठीत न मावणारे केस आता नातीच्या अर्ध्या मुठीत मावले, पण तिने ते दाबले, सोडले, फुंकर घातली, आणि विरळ रुपेरी केसांचा खरोखर एक हलका फुगार झाला. आरशात बघताना सासूबाई लाजल्या. मग त्यांना अडचण सुचली: अबोलीचा वळेसर माळायचा कुठे? मोकळ्या लाटांवर फुले कशी टोचायची, याचे उत्तर नातीकडे नव्हते. त्यांनी शांतपणे सगळ्या लाटा गोळा करून एवढासा आंबाडा घातला, वळेसर खोवला आणि निघाल्या. देवळाच्या वाटेवर भेटेल त्या बाईला थांबवून त्या आंबाड्याकडे बोट दाखवत सांगत होत्या, "आत लाटा आहेत हां!"