जावईबापू उषवदात यांना भिवंडीहून खुले पत्र

श्री. उषवदात दीनिकपुत्र,
क्षत्रप नहपान यांचे जावई,
लेणे क्र. 10, त्रिरश्मी डोंगर, नाशिक



पत्रास कारण की, तुमच्यामुळे आमच्यासारख्यांचं फार नुकसान होतं आहे. कमी पैशात लेणी बघायला निघणारा माणूस मुळात फारशा अपेक्षा ठेवून निघत नाही. पाणी घरचं, चपाती-भाजी डब्यातली आणि बसायला जागा मिळाली तर नशीब. अशा माणसाने तुमच्या ओसरीत उभं राहून मागच्या भिंतीवरचा लेख वाचला (ब्राह्मी कुणाला येते, सोबत छापील भाषांतर न्यावं लागतं) की तो बिघडतो. त्याला वाटायला लागतं की प्रवाशाची सोय बघणं हे कुणाचं तरी काम असतं.

तीन लाख गाई दिल्या, सोळा गावं दिली, वर्षाला लाख ब्राह्मण जेवू घातले, हे सगळं ठीक. त्यातलं आमच्या वाट्याला काही येण्यासारखं नव्हतं. पण पुढे तुम्ही लिहिता की भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी आणि तळी खोदली, बागा केल्या. आणि इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा, डाहणुका या नद्यांवर उतारूंसाठी फुकट नावा ठेवल्या. काठांवर बसायला मंडप आणि पाणपोया वेगळ्याच. एकोणीसशे वर्षांपूर्वी! शूर्पारक म्हणजे आमच्या शेजारचं नालासोपारा. तिथे आज फुकटात मुक्काम करायचा तर फलाट आहे, तोही पोलीस उठवेपर्यंत.

तुमच्या यादीत आमची कामवारी नदी मात्र नाही, याची नोंद घ्यावी. पावसाळ्यात ती स्वतःहून बाजारात येते आणि त्या दिवशी नाव लागतेच.

आता भिवंडीहून तुमच्याकडे कमी खर्चात कसं यायचं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. शेअर रिक्षाने कल्याण. रिक्षात पुढे ड्रायव्हरच्या बाजूला अर्धी सीट मिळते; डावा पाय बाहेर, बॅग मांडीवर. कल्याणहून कसारा लोकल. कसाऱ्याला स्टेशनाबाहेर ‘नाशिक, नाशिक’ ओरडणारे जीपवाले असतात. ‘बस दोन सीट बाकी’ म्हणतात आणि त्या दोन सीटा अर्धा तास बाकीच राहतात. घाट चढून गेल्यावर नाशिक शहरात शिरण्याच्या आधीच, हमरस्त्यावर, तुमच्या डोंगराखाली उतरायचं. भाडं पूर्ण नाशिकचंच घेतात, त्यावर वाद घालू नये. सरळ एसटीने आलं तर कटकट कमी. शिवाय पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट पूर्ण माफ आहे आणि मार्च 2023 पासून बायकांना अर्धं. हे एक काम तुमच्या तोडीचं झालं, हे प्रामाणिकपणे कबूल करायला हवं. तेवढ्यामुळेच आमच्या चाळीतल्या आजी नातवापेक्षा जास्त लेणी बघून आल्या आहेत.

पायऱ्या चढून दम लागतो तोवर तिकीटखिडकी येते. भारतीयाला 25 रुपये, परदेशी पाहुण्याला 300. इथे तुमची पंचाईत आहे, जावईबापू. तुम्ही पडलात शक. स्वतःच्याच लेण्यात जायला तुम्हाला 300 पडतील, आणि तुमची कार्षापण नाणी तिथे चालत नाहीत. सासऱ्यांची नाणी तर गौतमीपुत्र सातकर्णीने जमा करून, त्यांच्यावर आपला ठसा मारून पुन्हा बाजारात आणली. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांवर नाणी सापडली, त्यातली नऊ हजारांहून जास्त अशी दुबार ठोकलेली. नोटाबंदी आम्हीही पाहिली, पण नव्या राजाचा ठसा मारून जुनी नोट परत चालू करायची युक्ती कुणाला सुचली नाही.

वर आणखी एक अन्याय. पैसे तुमचे, नाव तुमचं, सौभाग्यवती दक्षमित्रा यांनी दिलेल्या खोलीच्या दारावर त्यांचं नाव, आणि लोक म्हणतात पांडवलेणी! ज्यांनी इथे एक छिन्नी मारली नाही त्यांच्या नावावर अख्खा डोंगर. आमच्या शहरात याच्या उलट होतं. काम व्हायच्या आधी नाव लागतं, फोटोसकट. तुम्हीही भिंतभर स्वतःची जाहिरात केलीत हे खरं, पण तुम्ही आकडे दिलेत. आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर हसरे चेहरे असतात, रक्कम नसते.

आणि आकडे म्हणाल तर मी एका यंत्रमाग कारखान्यात मेहता आहे, हिशेब बघणं हाच धंदा. ‘वर्ष 42’ अशी नोंद असलेल्या तुमच्या लेखात आहे की गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (म्हणजे संघांकडे) तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे हजार, शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. मी ताळा केला: दोन हजारांवर वर्षाचे दोनशे चाळीस, वीस गुणिले बारा दोनशे चाळीस. एक कवडी इकडची तिकडे नाही. व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फळ्यावर नोंदवला. असा कागद आमच्या शेठकडे ऑडिटच्या वेळीही सापडत नाही.

मला ते वाचून कसंतरीच झालं, दादा. विणकर हा ठेव ठेवण्याजोगा, विश्वासाचा माणूस होता! राजाचा जावई त्याच्याकडे पैसे आणून ठेवत होता. इथे यंत्रमागवाल्याकडे लोक येतात ते पैसे मागायला: सुताचा व्यापारी, सायझिंगवाला, वीजबिलवाला. ग्रे कापडाचा भाव पडला की एकेक माग भंगारात जातो, गाळा रिकामा होतो आणि त्या जागी कुणाचं तरी पार्सल ठेवायचं गोडाऊन उभं राहतं.

ही गोडाऊनं ओलांडत गेलात तर आमच्याच तालुक्यात लोनाडचं लेणं आहे. तुमच्यानंतरचं, पाचव्या-सहाव्या शतकातलं. ओसरीत कोरलेला पट आहे, राजा-राणी आणि भोवती सेवकांचा घोळका. आत आता खंडेश्वरी देवी आहे, त्यामुळे निदान दिवा लागतो. म्हटलं तर हा सगळ्यात स्वस्त प्रवास. पण रिक्षावाला म्हणतो, ‘तिकडून रिकामं यावं लागतं,’ आणि दोन्ही बाजूंचं भाडं घेतो. त्यापेक्षा नाशिक बरं पडतं. भिवंडीची पोरं म्हणूनच अजिंठ्याचं नाव काढतात आणि लोनाड ऐकलेलं नसतं.

लोनाडजवळच आमणे आहे. तिथून समृद्धी महामार्ग सुरू होतो, थेट नागपूर, 701 किलोमीटर. शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. कल्याण बंदरातला माल नाणेघाटातून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा, तशी ही आजची वाट. टोल तेव्हाही होता, आताही आहे. फरक एवढाच की समृद्धीवर दुचाकी आणि तीनचाकीला बंदी आहे. ज्याच्याकडे चार चाकं नाहीत त्याने वरून जाणाऱ्या गाड्या बघाव्यात. पायी भिक्खूंचा प्रश्नच मिटला.

तेव्हा विनंती अशी. तुमचं एक दान अजून राहिलं आहे. भिवंडी एसटी स्टँड ते लोनाड अशी रविवारी सकाळी एक मिनीबस, पायथ्याशी पाण्याची एक टाकी आणि संडासाला कडी. एवढ्याची कायमची ठेव आमच्याकडे ठेवा. व्याज जुन्याच दराने देऊ, दरमहा शेकडा एक. बँक आमच्याकडून साधारण तेवढंच घेते. फळ्यावर लिहून घेऊ आणि हिशेब मी स्वतः ठेवीन. भिंतीवर तुमचं नाव मोठ्या अक्षरात कोरू, आणि पांडवांना या वेळी जवळ फिरकू देणार नाही.

आपला,
भिवंडीचा एक मेहता

ता. क. नाशिकला याल तेव्हा ओळखपत्र घेऊन या. तिकिटाचं मघाशी सांगितलंच आहे.