सकलाद, घोंगडी आणि सॅटिनचा मावळा

शिवजयंतीच्या मिरवणुकीत महाराज व्हायला आमच्या भोंगवलीत रांग लागते. मावळा व्हायला मात्र पोरांना बिस्किटपुडा कबूल करावा लागतो. त्यातून भाड्याने येणारा मावळा सॅटिनचा. चकचकीत, आणि पाठीला चेन असलेला! गनिमाला तलवार उपसायची गरजच नाही. चेन ओढली की मोहीम फत्ते. म्हणून यंदा उत्सव समितीत ठराव झाला, पोशाख अस्सल लोकरीचे शिवायचे. इतिहास वाचायची खोड असल्यामुळे कापड निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

शिवकाळात लोकर दोन वाटांनी येई. एक वाट समुद्राची. त्या वाटेने इंग्रजांची सकलाद आली. दाट, जाड, रुबाबदार. आपल्या उन्हात ती खपवताना ईस्ट इंडिया कंपनीला घाम फुटे. हत्तींच्या झुली, खोगिरं, पालख्यांची आच्छादनं यांत बरीच सकलाद जिरे. उकडतंय म्हणून हत्ती तक्रार करत नाही ना! दुसरी वाट डोंगरातली, धनगराच्या कळपामागून येणारी. ती घोंगडीची.

आज सकलादीच्या जवळ जाणारं म्हणजे ब्लेझरचं लोकरी कापड. पुण्यात एका दुकानदाराने 'शंभर टक्के वुलन' म्हणत ठाण पुढ्यात टाकलं. मी एक धागा ओढून त्याला काडी लावली. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर केली की ती विझते आणि राख चिमटीत चुरडते. हा धागा वितळला आणि त्याचा टणक मणी झाला. दुकानदार म्हणाला, "साहेब, कापड अंगात घालायचंय की होळीत?"

मग घोंगडी घेऊन गावच्या टेलरमामांकडे गेलो. त्यांनी ती दोन बोटांनी उचलून पाहिली. "गुरुजी, हे मशीनखाली जायचं न्हाय. मशीनच ह्याच्याखाली जाईल!"

त्यांचं खरंच होतं. घोंगडीची लोकर जाडीभरडी, आणि वर टोचरी. तीस मायक्रॉनपेक्षा जाड तंतू माणसाच्या कातडीला टोचतो. मेरिनोची लोकर विसाच्या आसपास, म्हणून लाडाची. आमची दख्खनी मेंढी असले लाड करत नाही. त्यात सणगर सुताला चिंचोक्याची खळ देऊन खड्डामागावर विणणार. मग घोंगडी ताठ उभी राहते, पाहुण्यांसमोर बसलेल्या नव्या जावयासारखी. पण वेल्ह्याच्या पावसात भातलावणीला वाकलेल्या माणसाला विचारा. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी वाफ पोटात घेते, तरी ओली लागत नाही. घोंगडी दुमडून डोक्यावर घेतली की झाली खोळ. शिंपी नको, माप नको, चेन तर नकोच.

हे सगळं मी समितीपुढे मांडलं. घोंगडी भिजवू नका, खळ जाईल, असंही बजावलं. समितीने विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आणि घोंगडं भिजतच ठेवलं.

तुमच्या गावी तरी असं होऊ देऊ नका. सरदार सजवायचा असेल तर ब्लेझरचं लोकरी कापड घ्या, गार पाण्यातून काढून सावलीत वाळवा आणि मगच कापा. गरम पाण्यात लोकर आटते आणि चौथीतल्या सरदाराचा अंगरखा बालवाडीत द्यावा लागतो. मावळा सजवायचा असेल तर सणगराकडून थेट घोंगडी घ्या आणि तिला कात्री लावू नका. आत सुती सदरा मात्र हवाच, नाहीतर ऐन लढाईत मावळा तलवार टाकून पाठ खाजवत बसेल.