बाहेरून आणा

सरकारी दवाखान्यात रुग्णाच्या नातेवाइकाच्या कानावर सगळ्यात जास्त वेळा पडणारे शब्द दोनच : ‘बाहेरून आणा.’ सोबत कागदाचा कपटा. त्यावर इंजेक्शन, सलाईन, सिरिंज, कधी हातमोजेसुद्धा. तो मुठीत धरून माणूस फाटकासमोरच्या मेडिकलकडे पळतो, खिशातल्या नोटा मोजतो, कमी पडल्या की गावाकडं फोन लावतो. आणि वर वॉर्डात बाळ पेटीत असतं.

नांदेडच्या विष्णुपुरीतल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ जण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. दोन दिवसांत आकडा ३१ वर गेला. सांगण्यात आलं, की औषधं पुरेशी होती. रुग्ण खासगीतून शेवटच्या घटकेला आले. बाळं कमी वजनाची होती. यातलं बरंचसं खरं असेलही. पैसे संपेपर्यंत ठेवून घ्यायचं आणि मग सरकारीत रेफर करायचं, हा खासगीतला प्रकार मराठवाड्यात कुणाला नवा नाही. पण बाहेरून आणलेल्या औषधांची बिलं ज्याच्या खिशात आहेत, त्या बापाला ‘तुटवडा नव्हता’ हे कसं पटावं? ते एक वाक्य खोटं वाटलं आणि त्याच्या पाठची खरी वाक्यंही वाहून गेली.

मग ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतलं. पुढं खासदारांवर अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. शौचालय घाण होतं, यात वाद नाही. पण एका डॉक्टरला कॅमेऱ्यासमोर वाकवल्यानं औषध कुणाला मिळालं? औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडून काढून सरकारनं त्याच वर्षी वेगळं प्राधिकरण केलं होतं. त्याला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी का नाही, हे उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घेऊन विचारावं लागलं. झाडू द्यायचाच होता तर तो मुंबईत द्यायला हवा होता.

मला सगळ्यात जास्त सलते ती पुढची गोष्ट. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांतून दरवर्षी राज्यभरातली पोरं डॉक्टर व्हायला बाहेर पडतात. त्यांच्या फिया भरायला इथल्याच बापांनी रानं विकली. आणि त्याच गावांतली माणसं आज म्हणतात, ‘कर्ज काढू, पण सरकारी नको.’ किनवटहून शंभरावर किलोमीटर आलेल्या बाईला खासगीचा खर्च झेपत नाही. तिला विष्णुपुरीशिवाय दार नाही. तिचा विश्वास उडाला तर ती घरीच थांबेल, आणि तो मृत्यू कुठल्याच आकड्यात येणार नाही.

अधिष्ठात्यांकडं मागणं एकच : औषधसाठ्याचा फलक रोज फाटकावर लावा. नसेल तिथं सरळ ‘नाही’ लिहा. नाही म्हणणाऱ्या डॉक्टरवर लोक रागावतील, पण विश्वास ठेवतील.

आणि तुम्ही, बाहेरून औषध आणावं लागलं तर ती चिठ्ठी फेकू नका. तिच्यावर तारीख आणि सही मागून घ्या, बिल टाचून ठेवा.