केवलप्रयोगी गृहस्थ

प्रत्येक लग्नमांडवात दाराशीच भेटणारे एक गृहस्थ असतात. ते ना मुलीकडचे, ना मुलाकडचे. वाढायला उठत नाहीत, आहेराची वही धरत नाहीत. पण वरात दिसताच पहिला ‘वा!’ त्यांचा आणि कुणाच्या हातून मठ्ठा सांडताच पहिला ‘अरेरे!’ही त्यांचाच. इंग्रजी वाक्यातले इंटरजेक्शन म्हणजे हेच गृहस्थ. मराठी व्याकरणात त्यांना केवलप्रयोगी अव्यय म्हणतात.

लॅटिनमधून आलेल्या ‘इंटरजेक्शन’ या नावाचा अर्थ ‘मध्येच टाकलेले’. घराण्याचा इतिहासही त्याला साजेसा आहे. ग्रीक वैयाकरणांनी यांची सोय क्रियाविशेषणांच्या खोलीत केली होती. लॅटिनमध्ये आर्टिकल नसल्याने शब्दांच्या आठ जातींतली एक जागा रिकामी पडली, ती रोमन वैयाकरणांनी यांना दिली. थोडक्यात, एक पान रिकामे होते म्हणून पंगतीत बसवले.

ओळखण्याची पहिली खूण म्हणजे उठवून पाहणे. ‘आउच! द टी इज हॉट’ यातून ‘आउच’ उठवले तरी वाक्य पुरे राहते आणि चहाही गरमच राहतो. दुसरी खूण, नाते विचारणे. कर्ता, कर्म, क्रियापद यांपैकी कोणीही यांना आपले म्हणत नाही. पोळण्याला भूतकाळ असतो, ‘आउच’ला नसतो. तिसरी खूण जागेची: बहुधा पहिली रांग, मागे उद्गारचिन्ह किंवा स्वल्पविराम. मात्र उद्गारचिन्हाचा फेटा पाहून फसू नये, ‘रन!’ हे घाईत असलेले क्रियापदच होय.

यांच्यात बहुरूपीही आहेत. ‘शी सिंग्ज वेल’मध्ये ‘वेल’ क्रियाविशेषण, ‘द वेल इज डीप’मध्ये नाम म्हणजे विहीर, आणि ‘वेल, द बँड इज लेट’मध्ये इंटरजेक्शन. म्हणून चेहरा न पाहता काम पाहावे. काम काहीच दिसले नाही, तर ओळख पटली. ‘श्श’ आणि ‘प्स्ट’ तर स्वरांचा आहेर न आणताच आत शिरलेले. ‘अलास’ हे घरातले आजोबा, आता मुख्यतः व्याकरणाच्या पुस्तकात उसासे टाकतात.

पहिली खूण गृहस्थांनाही लागू पडते. त्यांना मांडवातून उठवले तरी लग्न लागते, मुहूर्तही चुकत नाही. फक्त मठ्ठा सांडल्यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहतात.